अक्कू, अज्जांना सांग!

फुटबॉलमध्ये न समजण्यासारखं काही नसतं, असं पुनमचं ठाम मत होतं. "दोन वर्षांच्या पोरीवर उठल्यापासून झोपेपर्यंत नजर ठेवते मी! बावीस शहाण्या माणसांवर दीड तास नजर ठेवायला काय लागतंय?" असं तिनं आपल्या आईला, दानम्माला, भाकरी थापता थापता ऐकवलं.

दानम्मानं तव्यावरची भाकरी उलटली. "त्यातले शहाणे किती, ते आधी बघ," ती म्हणाली.

आता ही उठाठेव पुनमनं का करावी? तर उदगीरच्या 'मोंढा इलेव्हन' या संघाचा कप्तान आणि बचावाचा खांब म्हणजे तिचे वडील गुरुपादप्पा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची अडत. वय पन्नाशीला टेकलेलं आणि पोट वयाच्याही थोडं पुढं गेलेलं. आणि याच संघाचा गोलकीपर म्हणजे तिचा नवरा रुद्रेश. त्याचं मेडिकलचं दुकान. वरच्या फळीवरून निसटलेली खोकल्याची बाटली हवेतल्या हवेत झेलायची त्याला सवय, मग चेंडू तर केवढातरी मोठा! म्हणजे मैदानात पुढं सासरा, मागं जावई आणि काठावर अक्कूला कडेवर घेतलेली पुनम, अशी सगळी घरचीच मांडणी.

दुसरं कारण स्वभावाचं. कारण सापडल्याशिवाय पुनमला चैन पडत नसे. अक्कू शिंकली, तर ती शिंक सर्दीची, धुळीची की शेजारच्या फोडणीची, याचा छडा लागेपर्यंत घरात कुणाला जेवण मिळत नसे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं तिनं. पदवी कपाटात गेली होती, पण खोड बाहेरच राहिली होती.

तर, गेल्या वर्षी मोंढा इलेव्हननं विभागीय लीगचा ब गट जिंकला. जिंकण्याची पद्धत सोपी होती. मोंढ्यात सौदा निघाला की खरेदीदारांचा घोळका कसा तुरीच्या या ढिगावरून त्या ढिगावर एकदम सरकतो? तसे आपले दहाच्या दहा जण चेंडूमागं सरकायचे! चेंडू डावीकडं, सगळा मोंढा डावीकडं. चेंडू उजवीकडं, सगळा मोंढा उजवीकडं. त्या रेटारेटीत समोरच्याला चेंडू दिसायचाच नाही. मग घोळक्यातून बिलाल नावाचा आपला चपळ फॉरवर्ड बाहेर निसटायचा आणि गोल मारून यायचा. जळकोट, शिरूर अनंतपाळ, सगळ्यांना असंच तुडवलं. गुलाल उधळला, बँड लावला आणि संघ वाजत गाजत अ गटात गेला.

अ गटात पहिलाच सामना लातूरच्या संघाशी. ते लातूरवाले मैदानात असे लांब लांब उभे, की जणू एकमेकांशी भांडण झालंय! चेंडू मात्र एकमेकांना व्यवस्थित देत होते. आपला मोंढा या ढिगावरून त्या ढिगावर नुसता पळत राहिला. अर्ध्या तासात आपल्या लोकांच्या जिभा बाहेर आणि चेंडू जाळ्याच्या आत. पुढचे सामनेही त्याच वाटेनं गेले. रुद्रेश जाळ्यातून चेंडू काढून काढून असा वाकला, की दुकानातही वाकूनच चालू लागला.

मग संघाच्या मंडळाची बैठक बसली आणि ठरलं, की संघ पुन्हा ब गटात घसरला तर गोलकीपर बदलायचा. जळकोटचा एक गोलकीपर बघूनही ठेवला. निर्णय कोण सांगणार? कप्तान. कप्तान कोण? सासरा! आणि ज्याला काढायचं तो? जावई! अप्पांनी जावयाला घरी बसवलं, तर रुद्रेश पुन्हा सासरच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. आणि ती स्वतः रविवारी कुठल्या घरी जेवणार? अक्कूचा वाढदिवस कुठल्या घरी होणार? एका गोलपोस्टमुळं दोन चुली तुटायची पाळी आली की हो!

म्हणून पुनमनं तपास हाती घेतला.

संघाचे प्रशिक्षक पाशामियाँ. पेशानं टेलर. तरुणपणी हैदराबादला जाऊन फुटबॉल खेळून आलेले, त्यामुळं त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी गुरुपादप्पांच्या बैठकीच्या खोलीत डावपेच समजावून सांगितले. सतरंजीवर मापाचा टेप सरळ अंथरला आणि त्यावर ओळीनं चार शेंगदाणे मांडले.

"ये आपली बचाव की लाईन. लाईन म्हंजे शिवण, भाईजान! चौघांनी एकदम वर सरकायचं, मग समोरचा फॉरवर्ड आपल्या पाठीमागं एकटा ऱ्हातो. त्याला पास मिळाला की ऑफसाईड. गोल मारला तरी रद्द! पण एक टाका जरी मागं राहिला की सगळी शिवण उसवली." त्यांनी पाचवा शेंगदाणा पुढं ठेवला. "हा समोरचा फॉरवर्ड. मामा, याचं काय करायचं?"

गुरुपादप्पांनी तो शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. "झालं. आता?"

"मामा, मैदानात असं खाता येत न्हाई ना!" पाशामियाँनी कपाळाला हात लावला. "आन लाईन कधी सरकायची, ते कोण सांगणार? गोलकीपर! त्याला पाठीमागून सगळं दिसून राहतं. रुद्रेश, तू फकत एक शब्द ओरडायचा. 'बाहेर!' बस्स. समजलं?"

"समजलं," रुद्रेश म्हणाला. आणि सासऱ्यांकडं न बघता म्हणाला, ही गोष्ट एकट्या पुनमच्या लक्षात आली.

पुढच्या सामन्याला तिनं चेंडूकडं बघितलंच नाही. ती फक्त नवऱ्याकडं बघत राहिली. आणि काय दिसलं? समोरचा संघ चाल करून आला की रुद्रेशचं तोंड उघडायचं. नजर गुरुपादप्पांच्या पाठीवर जायची. तोंड मिटायचं. गोल! पुन्हा चाल, पुन्हा तोंड उघडं, पुन्हा मिटलेलं, पुन्हा गोल! पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखं चाललं होतं त्याचं.

त्यातच एक चेंडू संथपणे दोघांच्या मधोमध घरंगळत आला. गुरुपादप्पा थांबले. हात पुढं करून म्हणाले, "घ्या, जावईबापू."

"न्हाई न्हाई मामा, तुम्ही घ्या."

"असं कसं? तुमचा मान हाय."

"वडीलधारे तुम्ही, मामा."

तेवढ्यात समोरच्या संघाचा एक जण आला, त्यानं कुणालाच न विचारता चेंडू घेतला आणि जाळ्यात टाकून गेला.

पुनमला शिंकेचं कारण सापडलं!

घरी आल्या आल्या तिनं रुद्रेशला धरलं. "अहो, तुम्ही अप्पांना ओरडत का नाही?"

"अगं, मामांना 'बाहेर!' म्हणू? सासऱ्याला? लग्नात माझे पाय धुतलेत त्यांनी! त्यांना 'बाहेर' म्हणलं की घरातून हाकलून दिल्यावानी वाटतंय मला."

"मग जरा मानानं म्हणा."

"म्हणलं की! 'मामा, जरा बाहेर येता का, तेवढं सवडीनं' असं म्हणेपर्यंत त्यानं गोल मारून नाचायला बी चालू केल्तं."

मग ती वडिलांकडं गेली. "अप्पा, तुम्हीच त्यांना विचारा की, सरकू का म्हणून."

"जावयाला मी कामाला लावू? लोक काय म्हणतील?" गुरुपादप्पांनी विषय संपवला.

म्हणजे ब गटात कुणाला कुणाशी बोलायची गरजच पडली नव्हती, सगळे गुमान चेंडूमागं पळत होते. अ गटात बोलावं लागत होतं. आणि लग्न झाल्यापासून ही दोन माणसं एकमेकांशी कामाचं एक वाक्यही थेट बोलली नव्हती. मग यांचं चाललंय तरी कसं? पुनम विचार करत राहिली. उत्तर रविवारच्या पंगतीत मिळालं.

गुरुपादप्पा आणि रुद्रेश समोरासमोर जेवायला बसले होते. मधे अक्कू भात सांडत होती.

"अक्कू," रुद्रेश म्हणाला, "अज्जांना इचार, आमटी पाहिजे का."

"अक्कू," गुरुपादप्पा म्हणाले, "पप्पाला सांग, आधी तुम्ही घ्या म्हणाव."

अक्कूनं कुणालाच काही सांगितलं नाही. ती भेंडी नाकात घालायच्या प्रयत्नात होती. तरी निरोप इकडून तिकडं बिनचूक पोचले! पुनमनं तिच्या नाकातून भेंडी काढली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

देगलूरविरुद्धच्या सामन्याला पुनम अक्कूला घेऊन थेट गोलपोस्टच्या मागं जाऊन बसली. डोक्यावर छत्री, खांद्यावर पिशवी. पिशवीत थर्मामीटर, उकळलेलं पाणी, दोन टोप्या आणि भर उन्हात एक स्वेटर. काय सांगावं, वारं सुटलं तर?

पंचांनी येऊन विचारलं, "या बाई कोण?"

"हमारी दुभाषी हाय साहेब," पाशामियाँ म्हणाले. पंचांना वाटलं, सीमेवरचे संघ आहेत, असेल कुणी कानडी-तेलुगू बोलणारं. ते निघून गेले.

आणि खेळ सुरू झाला.

"अक्कूऽऽ!" रुद्रेश बेंबीच्या देठापासून ओरडला. "अज्जांना सांग, बाहेर चला!"

गुरुपादप्पा ताबडतोब बाहेर निघाले. त्यांच्यासोबत अख्खी लाईन निघाली. देगलूरचा फॉरवर्ड एकटाच मागं राहिला. झेंडा वर! ऑफसाईड!

"अक्कूऽऽ! अज्जांच्या डाव्या हाताला एक जण मोकळा हाय म्हणाव!"

गुरुपादप्पा डावीकडं धावले.

"अक्कूऽऽ! पप्पाला सांग, कार्नर आला, खांब सांभाळा!" आता सासराही सुटला होता.

देगलूरवाले चक्रावले. मध्यंतरात त्यांच्या कप्तानानं आपल्या पोरांना झापलं, "यांचा सगळा खेळ त्या अक्कूवर चाललाय! अक्कू कोण हाय ते हुडका आन त्याला मार्क करा!" दुसऱ्या अर्धात त्यांचा एक धिप्पाड खेळाडू पूर्ण वेळ बिलालच्या बगलेला चिकटून, "तूच अक्कू ना? तूच ना?" असं दरडावत फिरत होता. सामना बरोबरीत सुटला. अ गटातला पहिला गुण! पाशामियाँनी अक्कूचं माप घेऊन तिला संघाच्या रंगाचा फ्रॉक शिवला.

राहिला शेवटचा सामना. नांदेडला, नांदेडच्याच संघाशी. बरोबरी केली तरी अ गटात टिकत होतो. हरलो तर ब गट, जळकोटचा गोलकीपर आणि दोन चुली.

क्रूझरमधून सगळे नांदेडला पोचले. आदल्या रात्री पुनमला झोप नव्हती. अक्कूला प्रवास बाधेल का, तिथलं पाणी बाधेल का, गोल बाधेल का, तिन्हींची काळजी सारखीच. पण पहिला अर्ध झकास गेला. "अक्कूऽऽ, अज्जांना सांग" आणि "अक्कूऽऽ, पप्पाला सांग" यांनी मैदान दणाणून गेलं. नांदेडवाले पांढऱ्याशुभ्र बुटांतले, दम असलेले, पण त्यांना गोल काही सापडेना. मध्यंतरात बाजू बदलल्या. पुनम छत्री, पिशवी, पोर असा सगळा संसार घेऊन धापा टाकत दुसऱ्या गोलामागं जाऊन बसली.

आणि इथंच घोटाळा झाला. अक्कू पेंगायला लागली.

ज्यांच्या घरात दोन वर्षांचं लेकरू आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. दुपारी अक्कूला झोपवणं म्हणजे काय असतं! थोपटायचं, गुणगुणायचं, श्वास रोखून बसायचं आणि डोळा लागतोय तोच गल्लीतून भंगारवाल्यानं ओरडत जायचं. आणि आज या एवढ्या गलक्यात अक्कूनं आईच्या खांद्यावर आपणहून मान टाकली! पुनमचे हात आपोआप थोपटू लागले. मैदान, अ गट, जळकोटचा गोलकीपर, सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं. जगात आता एकच गोष्ट उरली होती. पोरीची झोप.

सामना संपत आला होता. गोलफलक कोराच होता. नांदेडनं शेवटची चाल रचली. त्यांचे तिघं फॉरवर्ड आपल्या गोलाकडं सुटले. गुरुपादप्पा नेमके रुद्रेशच्या समोर येऊन उभे राहिले. त्यांच्या पलीकडं चेंडू कुठं आहे, कुणाच्या पायात आहे, रुद्रेशला काही म्हणता काही दिसेना.

"अक्कूऽऽऽ!" तो ओरडला. "अज्जांना—"

"श्शूऽऽ!" पाठीमागून पुनम फिस्कारली. "हळू! आत्ताच डोळा लागलाय!"

आणि तुम्हाला सांगते, रुद्रेशनं आवाज खाली आणला! घरी लागलेली सवय हो. तो चोरासारखा कुजबुजला, "अक्कू... अज्जांना सांग... बाजूला सरका म्हणाव..."

गुरुपादप्पांना काय ऐकू येणार? ते खांबासारखे उभे. नांदेडवाले आले, आलेच! रुद्रेशनं इकडून वाकून बघितलं, गुरुपादप्पा इकडं झुकले. तिकडून बघितलं, ते तिकडं झुकले. रुद्रेशनं एकदा पुनमकडं बघितलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं होतं.

तेव्हा मात्र त्याच्या आत इतकी वर्षं कोंडलेलं काहीतरी फुटलं.

"ओ गुरुपादप्पा! सरका की बाजूला! म्हशीवानी आडवं काय थांबलाव!"

सगळं मैदान गार झालं. सासऱ्याला? नावानं? आणि वर म्हैस? पाशामियाँच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. तिघा फॉरवर्डच्या मागून येणाऱ्या नांदेडच्या ज्या खेळाडूच्या पायात चेंडू होता, तोसुद्धा चेंडूवर पाय ठेवून "अरे बापरे" म्हणत बघत राहिला. अक्कू दचकून जागी झाली आणि तिनं भोकाड पसरलं.

गुरुपादप्पा सावकाश मागं वळले. जावयाला त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग तोंड फिरवलं आणि मैदानाच्या मध्याकडं चालू लागले. रुसले! भर मैदानात, लग्नाच्या मांडवातून उठून जावं तसे निघाले.

आता एवढा मोठा माणूस रुसून निघाल्यावर बाकीच्यांनी काय करावं? चेंडू बघत उभं राहावं? बचावफळीतले श्रीमंत, भागवत आणि वकार तिघंही त्यांची समजूत काढायला मागं पळाले.

"मामा, थांबा की! जाऊ द्या!"

"लहान हाय ओ त्यो, मामा! चुकून गेलं तोंडातून!"

"मामूजान, गुस्सा थूक दो! मैदान हाय!"

अख्खी बचावफळी एका ओळीत, एका पावलात वर गेली. पाशामियाँना वर्षभर टेप टाकून जी शिवण जमली नव्हती, ती रुसव्यानं बसली! आपल्या गोलसमोर आता फक्त नांदेडचे तीन फॉरवर्ड आणि पांढराफटक पडलेला रुद्रेश. एवढ्यात त्या चेंडूवाल्याला सामना आठवला. त्यानं घाईघाईनं चेंडू पुढं ढकलला. फॉरवर्डनं निवांत गोल मारला. नांदेडचं पब्लिक उसळलं.

आणि झेंडा वर! तिघंच्या तिघं ऑफसाईड! गोल रद्द!

पंचांनी घड्याळ बघितलं आणि लांब शिट्टी मारली. मोंढा इलेव्हन अ गटात राहिली होती.

पुनम अक्कूला घेऊन मैदानात धावली ती नाचायला नव्हे, आगीवर पाणी टाकायला. अप्पा मधल्या वर्तुळात हाताची घडी घालून, पाठ करून उभे. रुद्रेश लांब, खाली मान. सामना वाचला होता, पण चुली? तेवढ्यात नांदेडचे प्रशिक्षक लगबगीनं आले आणि गुरुपादप्पांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "मानलं, कप्तानसाहेब! काय ट्रॅप टाकलाव! आन ते ओरडण्याचं नाटक! आमचं पोरगं तर गुंगलंच बघा. किती महिन्यांचा सराव म्हणायचा हा?"

गुरुपादप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. मग रुद्रेशकडं बघितलं. रुसलो होतो म्हणावं, तर जावयानं भर मैदानात म्हैस म्हटल्याचं कबूल करावं लागणार. आणि डावपेच होता म्हणावं, तर रुसता येणार नाही. मोंढ्यातला माणूस, त्यानं क्षणात सौदा पक्का केला.

"सराव कशाचा?" ते छाती काढून म्हणाले. "आमच्या जावयानं इशारा दिला, आमी निघालो. घरचीच बात हाय."

"हाव ना मामा," रुद्रेश घाईनं म्हणाला. "ठरल्यावानीच ओरडलो ना?"

"आवाज जरा आणखी चढवायचा. आन म्हैस चालंल. पर नाव पुन्हा घेऊ नका."

पुनम बघतच राहिली. बोलले! थेट बोलले! अक्कूशिवाय!

परतीच्या वाटेवर क्रूझरमध्ये सासरा-जावई पुढच्या सीटवर शेजारी शेजारी बसले. नायगाव गेलं, मुखेडचा फाटा गेला, दोघांची तोंडं मिटायचं नाव नाही. त्या कॉर्नरला तुम्ही इकडं का गेलाव, अन् ती किक तुम्ही दोन्ही हातांनी का न्हाई अडवली! मागच्या सीटवर पुनम, मांडीवर अक्कू. चला, आपला तपास फळाला आला, असं म्हणून पुनमनं समाधानानं डोळे मिटले.

"पर एक सांगा," पुढून गुरुपादप्पांचा आवाज आला. "तुम्ही आधी कुजबुजून का राहिले होते?"

पुनमचे डोळे उघडले.

रुद्रेश मागं वळला. त्यानं बायकोकडं बघितलंच नाही. तो तिच्या मांडीवर गाढ झोपलेल्या पोरीला म्हणाला, "अक्कू, मम्मीला सांग, पुढच्या सामन्याला पोरीला घरी झोपवूनच ये म्हणाव."

"अक्कू," गुरुपादप्पांनीही मान वळवली, "आन हे बी सांग, छत्री बी घरी ठेव म्हणाव. मागच्या लोकांना काय दिसून राहत न्हाई."

पुनमनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. एवढा तपास कुणी केला? संघ कुणी वाचवला? ती आता सगळं ऐकवणारच होती!

पुढच्या सीटवर दोन बोटं एकदम दोन ओठांवर गेली.

"श्शूऽऽ! आत्ताच डोळा लागलाय!"